शाई

संध्याकाळी हर्णैच्या पुळणीवर लिलाव चालतो.
पारू चोगले सुरमईच्या वाट्यावर हात ठेवून
बोली अशी खेचते, की दर्यानंही दोन रुपये वाढवावेत.
लिलाव. किती आपला वाटतो हा शब्द,
नाकात नथ घालून टोपलीपाशी बसलेला.
पण तो उतरला फिरंग्यांच्या गलबतातून,
आणि फिरंग्यांकडे आला अरबांच्या दारातून.
तिथं त्याचा अर्थ नुसता 'कळवणं' असा होता म्हणे.

एकतीस वर्षं मी पोस्टात कळवण्याचंच काम केलं.
निवृत्त झालो आणि हा नाद लागला:
शब्दाचं पाकीट उलटं करून बघायचं,
मागे पाठवणाऱ्याचा पत्ता आहे का.

रात्री वाडीत खेळे आले.
शिमगा.
(कुणी म्हणतं, मूळ शब्द 'सुगिम्हअ', बरा उन्हाळा.
प्राकृत बोलणारी कुणी बाई
त्या वर्षी पहिल्यांदा अंगणात निजली असेल,
तिचा शब्द.)
हॅलोजनभोवती पाखरं, काजूच्या बोंडांचा आंबूस वास,
आणि सोनू गोरिवले मृदंग मांडीवर घेऊन
डाव्या पुडीला कणीक थापतोय.

नमन सुरू होतं.
आधी धरतीला, मग आभाळाला, मग दिशांना.
गाणारे आठ जण, चौघांना दात नाहीत,
आणि चाल इतकी जुनी
की तिच्यात अजून होड्या वल्ह्यांनीच चालतात:
एकानं ओढायची, थांबायचं,
सगळ्यांनी मिळून उचलायची.
माझ्या खापरपणज्याच्याही आधी कुणीतरी
याच झांजेवर मान डोलवली असेल,
चुकीच्या ठिकाणी, माझ्यासारखीच.

चहाच्या वेळी मी सोनूला म्हणालो,
मृदंग म्हणजे मातीच्या अंगाचा.
त्यानं फणसाच्या लाकडावर टिचकी मारली.
"माती कुठाय, मास्तर?"
मग जरा थांबून:
"आमच्या आज्याचा होता मातीचा.
दाभोळची खाडी उतरताना होडीत फुटला.
खापऱ्या घेऊन घरी आला म्हातारा.
आजीनं त्यात अबोली लावली."

भांडं फुटलं; शब्दाला कुणी कळवलंच नाही.
तो अजून मातीचाच आहे.

आणि हा मधला काळा गोल?
"शाई."
मी हसलो. माझ्या अंगठ्यावर अजून आहे ती,
शिक्क्यांची, साबणानं
(तोही बाहेरचाच) न गेलेली.
स्याही, म्हणजे काळेपण. फारसीतून आली.
एक थेंब कचेरीत गेला, सातबाऱ्यावर गेला,
माझ्या टेबलावरच्या गादीत मुरला;
एक थेंब वाट चुकून चामड्यावर पडला
आणि बोलायला लागला.
हे सगळं मी सोनूला सांगितलं. जरा जास्तच सांगितलं.
त्यानं बशी ओठांपासून लांब केली.
"मंग 'धिं' कुठनं आला?"

धिंला धातू नाही, उपसर्ग नाही,
पाकिटाच्या मागे काही लिहिलेलं नाही.
मी चष्मा पुसत बसलो.
तेवढ्यात संकासूर उसळत आला,
काळे कपडे, टोकदार उंच टोपी, कमरेला घुंगरं;
पोरं किंचाळत पांगली,
आणि त्यानं नेमका माझ्याच कपाळावर
काजळीचा अंगठा उमटवला.
आठही म्हातारे हसले. झांज सुटली.
मी पहाटेपर्यंत तिथंच, खांबाला टेकून,
पत्ता नसलेल्या टपालासारखा.

घरी जाताना बंदरावर दाऊद नाखवा भेटला.
"कपाळाला काय लावलंय?"
शाई, म्हणालो.
'नाखवा' या शब्दावर मला त्याला काही सांगायचं होतं,
नावेबद्दल, खुदाबद्दल, वर्षापासून साठवलेलं.
पण ओहोटी लागली होती, मचवा वाळूत रुतत होता
आणि ढकलायला एक खांदा कमी होता.